वापरातलं ॲप विकलं गेलं, आता माझ्या अकराशे घरांच्या नोंदींचं काय?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

मंडळी, कोल्हापुरात शाहूपुरीत माझं लग्नपत्रिका आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. गेली नऊ वर्षं गिऱ्हाइकांच्या नोंदी मी एका ॲपमध्ये ठेवतोय. त्याचं नाव इथं घेत नाही.

नोंदी म्हणजे नुसता फोन नंबर आणि बाकी किती, एवढंच नव्हे. पत्रिकेचा धंदा ज्यानं जवळून बघितलाय त्याला कळेल. वर 'श्री अंबाबाई प्रसन्न' आधी की 'श्री जोतिबा प्रसन्न' आधी. निमंत्रकांत आजोबांच्या खाली थोरले चुलते की वडील. कोण आता 'कै.' झालंय. कुठल्या घरात मामांची नावं वेगळ्या चौकटीत लागतात, कुठल्या दोन भावांची नावं एका ओळीत घ्यायची नाहीत. हे एकदा बसून विचारून घेतलं की सहा-सात वर्षांनी धाकट्याच्या लग्नाला कामाला येतं. कागद आणि छपाई सगळ्यांकडं मिळते. माझ्याकडं लोक परत येतात ते मला त्यांचं घर माहीत असतं म्हणून.

गेल्या दिवाळीनंतर मेल आला की ॲप एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलंय आणि तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही. फेब्रुवारीत फुकट वापरणाऱ्यांच्या नोंदींवर मर्यादा आली. मी पहिल्यापासून पैसे भरणारा, म्हणून गप्प बसलो. एप्रिलमध्ये वर्षाचे सहाशे होते त्याचे चोवीसशे झाले. तेही भरले. मग जूनमध्ये सगळ्या नोंदी एका फायलीत उतरवून घ्यायचं बटणच गेलं. आता एकेक नोंद उघडून तिची पीडीएफ काढायची. माझ्याकडं अकराशेच्या वर घरं आहेत.

मदतीसाठी लिहिलं तर ठरावीक छापाचं उत्तर येतं. पूर्वी तिथं एक माणूस स्वतः उत्तर लिहायचा. 'ज्ञ' आणि 'ऱ्य' नीट दिसत नाहीत म्हणून कळवलं होतं, तर त्यानं आठवड्यात दुरुस्त करून दिलं होतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे माझ्याच वाट्याला आलं, की विकलं गेलेलं सॉफ्टवेअर नेहमी असंच होतं? आणि त्या नोंदी नक्की कुणाच्या?

---

रंकाळा_पदपथ

दादा, तुमचं वाचून पोटात कालवलं. माझी पाककृतींची वही अशीच गेली. आईनं फोनवर सांगितलेली प्रमाणं होती त्यात, आई आता नाही. दुसऱ्या कंपनीनं ॲप घेतल्यावर 'नव्या ॲपवर या' असा निरोप आला. गेले, तर तिकडं फोटो आले आणि खाली लिहिलेला मजकूर आला नाही. तांबड्या रश्श्याच्या मसाल्याचं प्रमाण मावशीकडून परत मिळालं, बाकीची नाहीत.

---

पुण्यात_कोल्हापूरकर

शाहूपुरीकर, तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि विकल्या गेलेल्या एका कंपनीत आतून बसून हे बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

विकत घेणारा काय विकत घेतोय हे आधी बघायचं. कधी त्याला माणसं हवी असतात. सनराइज नावाचं कॅलेंडरचं ॲप मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये घेतलं, पुढच्या वर्षी बंद केलं आणि ती माणसं आउटलुकवर लावली. त्याच वर्षी बर्लिनचं वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं ॲप घेतलं. २०१७ मध्ये जाहीर केलं की त्याची जागा आपलं टू-डू घेणार. २०१९ मध्ये वंडरलिस्टच्या मूळ संस्थापकानं सगळ्यांसमोर विचारलं की मला ते परत विकत द्या. दिलं नाही. ६ मे २०२० ला ते बंद झालं. कधी आतली विद्याच हवी असते. डार्क स्काय हे हवामानाचं ॲप ॲपलनं मार्च २०२० मध्ये घेतलं, अँड्रॉइडवरचं त्याच वर्षी बंद केलं आणि आयफोनवरचं २०२२ संपताना.

आणि कधी फक्त तुमची सवय हवी असते. तुमच्या बाबतीत हेच झालंय असं मला वाटतं. तिथं हिशोब साधा असतो. समजा शंभर माणसं वर्षाला सहाशे भरतात, म्हणजे साठ हजार. दर चोवीसशे केला आणि साठ माणसं निघून गेली, तरी उरलेल्या चाळिसांचे शहाण्णव हजार येतात. वर साठ जणांचा सर्व्हरचा खर्च वाचला. म्हणजे निम्म्याहून जास्त गिऱ्हाइक घालवूनसुद्धा तो फायद्यात. आता विचार करा, चाळीसच्या चाळीस का थांबतात? ज्यांच्या नऊ-नऊ वर्षांच्या नोंदी आत अडकल्यात ते थांबतात. म्हणून आधी दर वाढतो आणि मग बाहेरचा दरवाजा अरुंद होतो. तुमच्याकडं नेमका हाच क्रम झालाय बघा.

एव्हरनोट या नोंदी ठेवायच्या ॲपचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. जानेवारी २०२३ मध्ये इटलीच्या बेंडिंग स्पून्सकडं त्याचा ताबा पूर्ण गेला, जुलैत अमेरिका आणि चिलीमधल्या बहुतेक माणसांना काढलं, आणि डिसेंबरपासून फुकट वापरणाऱ्याला पन्नास नोंदी आणि एक वही एवढीच मुभा राहिली.

'काहीही बदलणार नाही' या वाक्याबद्दलही सांगतो. ते लिहिणारी माणसं बऱ्याचदा खोटं बोलत नसतात, त्यांना तसंच वाटत असतं. पण त्यांच्या मोबदल्याचा काही भाग दोन-तीन वर्षं टिकून राहण्यावर बांधलेला असतो. मुदत संपली की ती जातात. तुमचं 'ज्ञ' दुरुस्त करणारा माणूस गेला असणार. तो गेला की त्या कोडचा कुठला खिळा कुठं ठोकलाय हे जाणणारा कुणी उरत नाही. मग नव्या मालकाला दुरुस्त करण्यापेक्षा मोडणं स्वस्त पडतं.

---

मंगळवार_पेठ

सगळी खरेदी वाईटच असते असं म्हणू नये. अँड्रॉइड गूगलनं २००५ मध्ये विकत घेतलेलं आहे. गूगल मॅप्सचं मूळसुद्धा २००४ साली घेतलेल्या एका छोट्या कंपनीत आहे. व्हॉट्सॲपला पूर्वी वर्षाला एक डॉलर होता, फेसबुकनं २०१४ मध्ये घेतल्यावर २०१६ मध्ये तो काढून टाकला. पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच निरोप वाचता येऊ नये अशी कूटलिपी (एंड-टू-एंड) सगळ्यांना मिळाली तीही २०१६ मध्येच, म्हणजे विकल्यानंतर. आणि आता तुमच्या डीटीपीवाल्यांसाठी, ॲफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर २०२४ मध्ये कॅनव्हानं घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केलं. मोठ्या मालकाकडं पैसा असतो, तो थांबू शकतो. छोटा मालक एकदा आजारी पडला तरी दुकान बंद.

---

पुण्यात_कोल्हापूरकर

@मंगळवार_पेठ, अँड्रॉइड आणि मॅप्सचं मान्य. पण व्हॉट्सॲपची गोष्ट पुढं आहे. एक डॉलर गेला त्याच वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, फेसबुकबरोबर माहिती वाटून घ्यायचं धोरण आलं. विक्रीच्या वेळी सांगितलं होतं की दोन्हीकडची खाती आपोआप जुळवणं शक्य नाही. ही माहिती दिशाभूल करणारी होती असं ठरवून युरोपीय आयोगानं मे २०१७ मध्ये अकरा कोटी युरो दंड केला. आपल्या स्पर्धा आयोगानंही २०२१ च्या धोरणावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीला, २१३.१४ कोटींचा दंड लावला. डॉलर घ्यायचं थांबलं आणि दुसरं काहीतरी घ्यायला सुरुवात झाली.

ॲफिनिटी मीही वापरतो, आवडतं. पण पूर्वी ते एकदा पैसे देऊन घेतलं की आपलं असायचं. आता कॅनव्हाचं खातं लागतं.

---

खिळे_ते_स्क्रीन

मी जुना कंपोझिटर. खिळे जुळवले, मग पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर आणि मराठी टाइप करायची श्रीलिपी यांवर आलो. लक्ष्मीपुरीत कितीतरी वर्षं सकाळी लाइट आली की पहिलं पेजमेकर उघडायचो. म्हणून या विषयावर थोडं जुनं सांगतो, ते अजून लागू आहे.

पेजमेकर मूळ आल्डस नावाच्या कंपनीचं, १९८५ चं. अडोबीनं १९९४ मध्ये आल्डस घेतली. तेव्हा चित्ररेखाटनाचं फ्रीहँडही आल्डस विकायची. पण फ्रीहँड घडवलं होतं टेक्ससमधल्या आल्टसिस या छोट्या कंपनीनं. अडोबीकडं त्याच कामाचं इलस्ट्रेटर होतंच. दोन्ही एकाच हातात गेली तर बाजारात दुसरं काही उरणार नाही, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं मध्ये पडून फ्रीहँड आल्टसिसला परत द्यायला लावलं आणि ते पुन्हा विकत घ्यायला अडोबीला दहा वर्षांची बंदी घातली. पुढं मॅक्रोमीडियानं आल्टसिस घेतली. दहा वर्षं फ्रीहँड आणि इलस्ट्रेटर एकमेकांना ढकलत पुढं गेली. कुस्तीत जोड तोलामोलाची असेल तर दोघांचाही दम वाढतो, तसं. मग मुदत संपली आणि २००५ मध्ये अडोबीनं अख्खी मॅक्रोमीडियाच ३४० कोटी डॉलरला घेतली. २००७ मध्ये जाहीर झालं की फ्रीहँडची पुढची आवृत्ती निघणार नाही. वापरणाऱ्यांनी संघटना काढली, खटलाही घातला, २०१२ मध्ये तडजोड झाली. फ्रीहँड काही परत आलं नाही.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती सातवी, २००१ ची. त्याच्या फायली अडोबीच्याच नव्या इनडिझाइनमध्ये सीएस६ या आवृत्तीपर्यंत उघडायच्या, पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय गेली. त्यात आपल्या मराठीची अडचण वेगळी. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी म्हणूनच ओळखला जाणारा, नसतो. आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठीचा मुखवटा. फाँट गेला की सगळा मजकूर किड्या-मुंग्यांसारखा दिसतो. कितीतरी गावांच्या यात्रांच्या पत्रिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, कीर्तनकारांच्या पुस्तिका अशा सीडींमध्ये पडून आहेत. मी दर रविवारी दोन-दोन सीडी युनिकोडमध्ये उतरवतोय. १९९७ पासूनच्या आहेत. जमेल तेवढं करणार.

---

फोटोवाला_राजारामपुरी

खिळेकाका, सीडी चालतात अजून? माझ्या निम्म्या चालत नाहीत. काढता येतील तेवढ्या लवकर काढा, रविवारची वाट बघू नका. माझ्याकडं चांगला ड्राइव्ह आहे, आणून देतो.

फोटो बघायचं-लावायचं पिकासा आठवतं का कुणाला? गूगलनं २००४ मध्ये घेतलं आणि फुकट दिलं. २०१६ मध्ये थांबवलं. पण माझ्या जुन्या काँप्युटरवर ते पुढंही चालत राहिलं, कारण ते आपल्या यंत्रावर बसवलेलं होतं आणि फोटो आपल्या फोल्डरात होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीतल्या आमच्या जुन्या दुकानात कमरेपर्यंत आलं तेव्हा तो काँप्युटर गेला. फोटो वाचले ते हार्डडिस्कची एक प्रत पाचगावला मेहुण्याच्या घरी होती म्हणून. पुराच्या वेळी आपण सामान माळ्यावर टाकतो, तसंच याचंही एक ठिकाण उंचावर असायला हवं.

निक कलेक्शन सांगायचं राहिलं. फोटोवर रंगसंस्कार करायचे ते प्लगइन, पाचशे डॉलरचा संच होता. गूगलनं २०१२ मध्ये कंपनी घेतली, किंमत १४९ वर आणली, २०१६ मध्ये फुकट केला. लग्नाचे फोटो काढणारे आम्ही सगळे खूश. पण फुकट केला म्हणजे त्यावर पुढं काम थांबवलं, हे लक्षात यायला वर्ष गेलं. २०१७ मध्ये फ्रान्सच्या डीएक्सओनं तो विकत घेतला, परत पैसे लावले आणि तेव्हापासून नियमानं सुधारतायत. मी पैसे देऊन घेतो. जो त्याच्यावरच पोट भरतो तो त्याची काळजी घेतो, असा माझा अनुभव.

---

जिल्हा_परिषद_मास्तर

फोनवरच्या लहान ॲपचं बघा. सिंपल गॅलरी, सिंपल कॅलेंडर अशी जाहिरात नसलेली ॲप मी शाळेतल्या सगळ्या शिक्षकांच्या फोनवर टाकून दिली होती. २०२३ च्या शेवटी तो संच विकला गेला. नव्या मालकाचा धंदा जाहिराती आणि वर्गणीचा. मी सगळ्यांचे फोन परत घेऊन ती काढली. कोड मुक्त होता, म्हणजे कुणालाही घेऊन पुढं चालवता येत होता, म्हणून जुन्या कामातल्या माणसांनी फॉसिफाय नावानं तीच ॲप पुढं चालू ठेवली, आता ती टाकलीत.

यातला धोका पैशाच्या पुढचा आहे. आपण परवानगी एका माणसाला देतो, फोटो बघ, फायली बघ. तो माणूस जातो, परवानगी राहते. क्रोम ब्राउझरला जोडायचं ग्रेट सस्पेंडर जून २०२० मध्ये असंच गुपचूप दुसऱ्याकडं गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड आहे म्हणून गूगलनं काढून टाकलं. मधले सात-आठ महिने लाखो लोकांच्या ब्राउझरमध्ये ते होतंच. भाडेकरू बदलला तर आपण कुलूप बदलतो. इथं घर आपलं आणि भाडेकरू बदलल्याचं आपल्याला कुणी सांगतही नाही.

---

उद्यमनगर_फौंड्री

मला काँप्युटरमधलं लई कळत नाही. पण शाहूपुरीकरांनी विचारलंय की नोंदी कुणाच्या, त्याचं उत्तर आमच्या धंद्यात पक्कं हाय.

फौंड्रीत गिऱ्हाइकाचे पॅटर्न पडून असतात. काही लाकडाचे, काही ॲल्युमिनियमचे. त्याच्यावरनं साचा करायचा, साच्यात धातू ओतायचा. पॅटर्न दहा-दहा वर्षं आमच्याच शेडमध्ये असतो, आमचीच माणसं त्याला रंग देतात, मोडला तर दुरुस्त करतात. पण तो गिऱ्हाइकाचा. आलेला तो चलनावर, म्हणजे माल पोचल्याच्या कागदावर आलेला असतो. उद्या फौंड्री विकली तर भट्टी, वाळू, यंत्रं, क्रेन सगळं नव्या मालकाचं. पॅटर्न सोडून. गिऱ्हाइक टेंपो घेऊन येतं, चलन दाखवतं आणि पॅटर्न घेऊन जातं. असे पॅटर्न मी स्वतः उचलून टेंपोत ठेवलेत, डोळ्यात पाणी आलेलं असताना, कारण त्यांच्याबरोबर वीस वर्षांचं काम चाललं होतं. पण अडवायचं मनात आलं नाही. एकानं जरी पॅटर्न अडवला तरी उद्यमनगरात त्याच्याकडं दुसऱ्या दिवशी कोण काम घेऊन जाईल?

दादा, तुम्ही चलन न करता पॅटर्न देऊन बसलाय. दोष देत नाही. चलन मागायचं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.

---

शाहूपुरीकर

@उद्यमनगर_फौंड्री, अण्णा, दोनदा वाचलं. मला जे म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते, ते हेच. ॲप त्यांचं आहे, त्यांनी ते विकावं, मोडावं, रंग बदलावा, माझं काही म्हणणं नाही. थोरल्या चुलत्यांचं नाव कुठं घ्यायचं हे त्यांनी लिहिलेलं नाही. ते मी लिहिलंय, त्या घरातल्या माणसांना विचारून.

---

बावड्याची_वकील

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडं ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. त्यात आपल्या माहितीचा गोषवारा मागणं, दुरुस्त करणं, पुसायला लावणं हे हक्क आहेत. पण माहिती उचलून दुसरीकडं नेण्याचा हक्क, जो २०१९ च्या विधेयकात होता, तो यात नाही. अण्णांचं चलन कायद्यात यायचं होतं आणि राहून गेलं, हे मला फार लागतं.

युरोपात मात्र २०१८ पासून तो हक्क आहे, आणि यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात माहिती द्यावी लागते. तुमचं ॲप युरोपातही चालत असेल तर त्यांना ती वाट ठेवावीच लागली असणार. नोंदींच्या पानावर शोधू नका. खात्याच्या गोपनीयतेच्या पानावर, अगदी खाली बघा. बऱ्याचदा तीच सोय सगळ्या देशांना दिलेली असते.

आणि दादा, एक तुमच्यासाठी. त्या नोंदींत लोकांच्या घरच्या खाजगी गोष्टी आहेत. कोणते भाऊ बोलत नाहीत, हे नव्या मालकाच्या हाती गेलंय. प्रत मिळाली की तिथलं पुसायलाही सांगा.

---

साखर_शाळेतला

एक मनात येतं ते लिहितो. आपला गोकुळ दूध संघ १९६३ पासून आहे. ते कुणी बाहेरचा येऊन विकत घेऊ शकत नाही, कारण ते सभासदांचं आहे. सॉफ्टवेअरचं असं का होत नाही?

---

पुण्यात_कोल्हापूरकर

@साखर_शाळेतला, झालंय. ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर. त्याची कंपनी २००२ मध्ये बुडाली. पैसे घातलेल्यांनी सांगितलं, एक लाख युरो द्या, कोड मुक्त करतो. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत वर्गणी गोळा केली, अगदी तालमीच्या गणपतीला करावी तशी. आज मोठमोठ्या स्टुडिओंत ते वापरतात.

लिबर ऑफिस दुसरं, लिखाणाचं आणि तक्त्यांचं सॉफ्टवेअर. सन कंपनीचं ओपन ऑफिस २०१० मध्ये ओरॅकलकडं गेलं. त्यावर काम करणाऱ्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोड घेऊन वेगळी चूल मांडली, एक ना-नफा संस्था काढली. मालक बदलला पण काम करणारे आणि वापरणारे दुसरीकडं निघून गेले. कोड मुक्त होता म्हणूनच हे जमलं.

शाहूपुरीकर, वकीलताईंनी सांगितलंय तिथं आजच बघा. जी काही फाइल मिळेल ती मला पाठवू नका, त्यात लोकांची नावं आहेत. शनिवारी मी कोल्हापुरात आहे, तुमच्या दुकानात बसूनच करू.

---

शाहूपुरीकर

सापडलं. गोपनीयतेच्या पानावर सगळ्यात खाली 'माझ्या माहितीची प्रत मागवा' असं होतं. चार दिवसांनी दुवा आला. फाइल उघडली तर नुसते कंस आणि अवतरणचिन्हं, मध्ये कुठंतरी आपली मराठी. शनिवारी पुण्यात_कोल्हापूरकर दुपारी आले, चहा होईपर्यंत त्यांनी त्याचा तक्ता करून दिला. ११३८ घरं. चौदा नोंदींतला मजकूर अर्धा आहे, त्या घरी फोन करतोय. एक प्रत दुकानात, एक प्रत पाचगावला ठेवायची आहे, फोटोवाले, मेहुण्यांना विचाराल का? तिथलं सगळं पुसून टाकायचा अर्जही केला.

आता नोंदी लिबर ऑफिसच्या तक्त्यात ठेवतोय. फोनवर पहिल्यासारखं झटकन दिसत नाही, आत जाऊन शोधावं लागतं. ते चालेल.

सोमवारी एक आजोबा आले, करवीर तालुक्यातले. थोरल्या नातवाची पत्रिका माझ्याकडंच केली होती, आता धाकट्याची. तक्त्यात नाव घातलं. खाली मीच लिहून ठेवलं होतं, 'मागच्या वेळी आत्याबाईंचं नाव राहिलं. रागावल्या होत्या. पुढच्या वेळी पहिलं घ्यायचं.' आजोबांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आता त्याच्याआधी कै. लावा."